न आलेला फोन

आमच्या खोलीत एक शब्द कोणी उच्चारत नाही.
एम्रिस नवा होता. पहिल्याच आठवड्यात म्हणाला,
"आज किती शांत आहे, नाही?"
सहा खुर्च्या गर्रकन त्याच्याकडे वळल्या.
चार मिनिटांत हायवेवर दोन ट्रक समोरासमोर.
दोष बर्फाचा होता,
पण त्या रात्रीचे डोनट आम्ही त्याच्याकडूनच वसूल केले.

मी सुपरव्हायझर. म्हणजे फोन मी घेत नाही.
घेणाऱ्यांच्या मागे उभी राहते,
दुसरा हेडफोन कानाला, माइक बंद.
पाठी वाचते.
ओडेटचा डावा खांदा वर गेला की समजावं, लहान मूल आहे.
रेमो एकदम मऊ बोलायला लागला की समजावं,
पलीकडचं माणूस आता ओरडत नाहीये.
एकाला म्हणायचं, जा, दहा मिनिटं गाडीत बसून ये.
दुसऱ्याला तेवढंही म्हणायचं नाही,
गेला तर परत येणार नाही.

बाकी हिशेब. रात्रीला चार अ‍ॅम्ब्युलन्स,
आणि सुपीरियर सरोवराचा काठ
संपता संपत नाही.

रोज तीन वाजून दहा मिनिटांनी ओन्नी पेल्तोला.
वय एक्याऐंशी. घरात एकटा.
त्याला विचारायचं असतं, स्टोव्ह बंद केलाय का.
आम्हाला विचारायचं असतं!
"पेल्तोला, तुमचा स्टोव्ह इथून दिसत नाही."
"मग बघून येतो."
रिसीव्हर टेबलावर. सपाता फरफटत जातात,
फरफटत येतात.
"बंद आहे."
चाळीस सेकंद.
नियमाने हा गैरवापर. ताकिदीचं पत्र मी तीनदा टाइप केलं,
तिन्ही खणात आहेत.

काल तीन दहा झाले.
सव्वातीन.
रेमोने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कपात.
साडेतीनला मी उलटा फोन लावला. वाजत राहिला.

छातीतली कळ, पडणं, भाजणं, बाळंतपण,
आलेल्या प्रत्येक फोनला आमच्याकडे एक नंबर आहे.
न आलेल्याला नाही.
बाहेर उणे एकतीस. मोकळी गाडी एक.
तराजूच्या एका पारड्यात नाव, पत्ता, सपातांचा आवाज असलेला माणूस,
दुसऱ्यात अजून कोणीच नाही.

पाठवली.
फोन करणाऱ्याचं नाव? पडदा विचारतो,
रिकामं सोडलं तर पुढे जाऊ देत नाही.
मी माझं घातलं. व्हेर्ना डेमारे.
रुग्णाशी नातं?
पत्नी, मुलगी, शेजारी, वाटसरू.
बराच वेळ बाण फिरवून वाटसरूवर थांबले.

तीन एक्केचाळीसला दुसरं पारडं भरलं.
जिन्यावरून पडलेला मुलगा, सात वर्षांचा.
ओडेटचा खांदा वर.
जवळची गाडी मी पार तिकडे धाडलेली.
सव्वीस मिनिटं ती त्याच्या आईला गोष्टी विचारत राहिली,
बोटं हलतात का, ओठांचा रंग कसा आहे,
कुत्र्याचं नाव काय.
मी मागे उभी. माइक बंद.
मनगट मोडलं, एवढंच.
एवढंच, असं मी म्हणते.
त्याची आई म्हणणार नाही.

मग रेडिओ:
"म्हातारा दारात उभा आहे. चिडलाय.
म्हणतो, कित्येक महिन्यांनी झोप लागली होती.
विचारतोय, तुम्हाला बोलावलं कोणी?"
कोणी हसलं नाही, मग एम्रिस हसला,
मग सगळेच, तोंडावर हात ठेवून.
मी माइक चालू केला.
"स्टोव्ह?"
खरखर. पावलं. खरखर.
"बंद आहे."

सकाळी खुलासा लिहायला बसले.
कारण, या शब्दापुढे अर्धा तास कर्सर लुकलुकत होता.
शेवटी लिहिलं, फोन आला नाही म्हणून.
वरचे साहेब काय ते ठरवतील.

घरी नवऱ्याने विचारलं, कशी गेली रात्र?
मी बूट न काढता तशीच स्वयंपाकघरात गेले.
बंद होता.
तरी हात लावून बघितला.