जुळणी : एक

नव्या गाडीत सीडीला तोंडच नाही.
बार्न्सलीच्या शोरूममधला क्रेग खांदे उडवून म्हणाला,
आता कोण वापरतं?
मी म्हटलं, मी.
घरी येऊन माळ्यावरून तीन खोकी उतरवली,
कंबर दोन दिवस त्याचा हिशोब मागत होती.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं, गोडबोलं.
चार मिनिटांत अख्खी सीडी गिळून
ढेकर दिल्यासारखी हिरवी खूण दाखवायचं.
ऐकलं, तर विलंबितात मध्येच कडकन पापड मोडलेला,
आणि ओरखड्याच्या जागी त्यानं पदरचं काहीतरी भरलेलं,
ओवी विसरलेला कीर्तनकार ठोकून देतो तसं.

दुसऱ्याला नावंच कळेनात.
ट्रॅक एक, ट्रॅक दोन, गायिका अज्ञात.
तिसऱ्याला नको तेवढी कळत होती :
मुलतानीवर त्यानं बव्हेरियातल्या पितळी बँडचं चित्र डकवलं,
चामड्याच्या चड्ड्यांसकट.

चौथं मात्र मास्तर निघालं.
करडं, कुरूप, सतरा प्रश्न विचारणारं.
ड्राइव्ह कोणता? किती नमुने पुढे वाचतो?
वाचलेलंच पुन्हा पुढे करून फसवतो का?
हे मी त्याला विचारायचं कसं?
धर्मादाय दुकानातून साडेतीन पौंडांना आणलेला,
त्याचं पूर्वायुष्य मला काय ठाऊक.
ऑफसेट सहाशे सदुसष्ट निघाला.
फ्रिजवर लिहून ठेवला,
रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळांखाली.

मग ते वाचू लागलं.
एकाच जागी. पुन्हा. पुन्हा.
दोन वाचनं तंतोतंत जुळल्याशिवाय पाऊल पुढे नाही.
मंदाकिनी चहा ठेवून म्हणाली,
मिळालं बाई तुला तुझ्यासारखं कुणीतरी.

शेवटच्या खोक्याच्या तळाशी ती सापडली :
कुमुद आठल्ये, शेफील्ड, चर्चचा हॉल, नव्व्याण्णव साल.
रेकॉर्डिंग माझं. तबल्यावर हेरंब कर्णिक.
शंभर प्रती काढल्या,
साठ माझ्याच गॅरेजात ओल लागून गेल्या.
हेरंबशी बोलून तेवीस वर्षं झाली.
कारण, हॉलच्या भाड्याचे बहात्तर पौंड,
आणि आधी कोण काय म्हणालं.
तो प्रसंगही आम्ही दोघांनी शेकडो वेळा वाचला असेल,
आपापल्या ड्राइव्हवर.

सातवा ट्रॅक अठ्ठावन्न टक्क्यांवर अडला.
सीडी साबणानं धुतली, मधून कडेकडे पुसली,
कुणी टूथपेस्ट सांगितली होती, तीही लावली,
खोलीभर पुदिन्याचा बिहाग.
वेग उतरवला. आठपट, चौपट, एकपट.
रात्री दीडला ड्राइव्ह कण्हत होता,
मी गाऊन घालून त्याच्या उशाशी.

पहाटे अहवाल.
सगळे ट्रॅक अचूक.
खाली बारीक अक्षरांत :
इतरांच्या नोंदींशी ताडून पाहिलं. जुळणी : एक.

एक?
म्हणजे कुणीतरी कुठेतरी
हीच सीडी माझ्याइतक्याच हट्टानं उतरवली,
आणि त्याची बेरीज
शेवटच्या अंकापर्यंत माझीच आली.
तिथं नाव नसतं. गाव नसतं.

हेडफोन लावले. सातवा ट्रॅक.
समेच्या अलीकडे हेरंब पळभर थबकतो.
इथं चुकला, असं मी सगळ्यांना सांगत आलो,
त्यालाही सांगितलं होतं, गाडी चालवताना, एम वनवर.
आज खरखर नव्हती, मोडका पापड नव्हता,
आणि त्या पळभरात
बाईंनी घेतलेला श्वास स्वच्छ ऐकू आला.
तो पुरा झाल्यावरच थाप पडते.

ट्रॅक तीनदा लावला.
तिन्ही वेळा तेच.

बाहेर कचऱ्याची गाडी मागे येताना पिपाणी वाजवतेय,
आज निळ्या डब्याचा वार, मी डबा काढलेला नाही.
हेरंबचा नंबर जुन्या वहीत आहे.
लागेल, न लागेल.
आधी साडेसातची गोळी.