नियम क्रमांक तीन

सातपूरच्या छापखान्यात शुक्रवारी फर्मा चढणार,
आणि आम्ही गंगापूर रोडला निमिषच्या गच्चीवर
अजून तिसऱ्याच नियमावर अडलोय:
'ज्याची पाळी असेल त्याने फासा टाकावा.'

शर्वाणी म्हणाली, निदान पाळीपुरतं तरी
'जिची' लिहायचंस.
सगळे हसले. मी खोडलं.
ज्याची/जिची, त्याने/तिने...
तिरक्या रेघा वाढत गेल्या,
ओळ द्राक्षबागेतल्या तारांसारखी,
वाचणाऱ्यांना खालून वाकून जावं लागेल.

'खेळाडू' घेतला. तोही पुल्लिंगी निघाला.
'भिडू' तसाच.
सोंगटी ती, फासा तो, घर ते;
पटावर निर्जीवांचं सगळं ठरलेलं,
प्रश्न फक्त भोवती बसलेल्यांचा.

कुमुदमावशी चिवडा ठेवून जाता जाता म्हणाल्या,
'एकतीस वर्षं नोटा मोजल्या मी नाशिकरोडला.
धारक म्हणा की सरळ. ज्याच्या हातात, त्याची.'
आणि थबकल्या.
'बघा, माझ्याही तोंडी तोच.'

मृदुल कठड्याशी.
आठ शनिवार झाले येणं सुरू होऊन,
तीनदा सगळ्या पेट्या मृदुलच्याच खात्यात,
पण 'जिंकलो' नाही, 'जिंकले' नाही,
दर वेळी एवढंच: 'झालं.'
आणि सोंगट्या डबीत भरणं.
मला वाटायचं, नम्रपणा.

त्या रात्री घरी जाताना
माझीच वाक्यं ऐकत गेले:
आले, बसले, हरले, चिडले.
प्रत्येकाच्या शेपटाला माझी ओळख,
कुणी न मागता दिलेली.

मग लिहिलं:
फासा टाका. तितकी घरं पुढे जा.
सहा पडले तर पुन्हा टाका.
आज्ञार्थाला लिंग नसतं
हे शाळेत पाठ केलं होतं,
दोन मार्कांसाठी.

मृदुलने वाचलं.
'दुसऱ्या ओळीत शुद्धलेखन बघ,' एवढंच,
आणि फासा उचलला.

छापून आल्यावर सापडलं:
पान सात, तळाशी,
'त्याने पेटी परत करावी.'
पाचशे प्रती.

आज रविवार. मिसळीच्या टेबलावरच
पाचही जण काळ्या पेनाने खोडतोय.
एकशे बारा झाल्या.
एका प्रतीवर रस्सा सांडलाय,
नेमका पान सातवर,
तिथे कोण काय परत करणार
आता कुणालाच वाचता येत नाही.
ती प्रत मृदुलने मागून घेतली.