वास येतोय तोवर

बाटलीचं झाकण फिरवलं
की आधी नायनाच येतात,
अक्कलकोट रोडच्या रंगखात्यातून,
कोपरापर्यंत काळे,
अंगावर सडक्या अंड्याचा वास.
आई त्यांचा डबा वेगळ्या फडताळात ठेवायची.
चादरीवरचे मोर मात्र
हुंगून कुणी परत केले नाहीत.

माझ्यापुढे चाळीस कुंड्या. मालदांडी.
मंगळवेढ्याची काळी माती, चाळून, तोलून.
वीस कुंड्यांना नुसतं पाणी,
वीसांच्या पाण्यात त्याच वायूचा अंश,
इतका थोडा
की सांगायलाही लाज वाटावी.
जास्त झाला तर मुळं तपकिरी पडतात.
गेल्या वर्षी माझ्याच हातून पडली.

मग अकरा दिवस पाणी बंद.
बाहेर त्रेचाळीस. तळ्यावरून येणारा वारासुद्धा
तव्यावरून आल्यासारखा.

पानाची साल काढून काचेखाली धरते.
दोन पेशी, डंबेलसारख्या, मध्ये फट.
नुसत्या पाण्याची रोपं
दारं सताड उघडी टाकून बसलेली,
आणि ह्या वीसांनी
कुणी न सांगता कडी लावलेली.
कुंडी उपडी केली तर मुळं
तळाला पोचून परत वर वळलेली,
घट्ट, मातीसकट.

कुणी न सांगता, हे मात्र खोटं.
निरोप होता. तोच, नाक मुरडायला लावणारा.
आणि रोपं तो आतल्या आत
स्वतःही बनवतातच, चिमूटभर.
मी बाहेरून फक्त दुजोरा देते.

नायना म्हणायचे,
बिड्डा, वास येतोय तोवर भिऊ नको.
वास थांबला की पळ.
खात्यामागच्या हौदात गाळ काढायला उतरलेला इलय्या
खालून ओरडला होता,
"आता काही वास येत नाही, सोडा दोर."
नायनांनी दोर सोडला.
हे त्यांनी मला एकदाच सांगितलं,
मी एमएस्सीला कुठला विषय घेतला
ते विचारल्यावर.

किती, एवढाच प्रश्न आहे सगळा.
वहीत मी आकडे लिहिते,
दशांशचिन्ह दोनदा तपासते,
तिसऱ्यांदाही.

बाराव्या दिवशी पाणी दिलं.
एकतीस नंबरचं पान
संध्याकाळपर्यंत उलगडलं.
साखर पेठेत घरी पोचले तेव्हा
माग बंद होते, वीज गेलेली.
अंधारात आईने माझ्या हातातून डबा घेतला,
क्षणभर थांबली,
आणि काही न बोलता
त्याच फडताळात ठेवला.