हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की अप्पा इस्त्रीचा शर्ट काढायचे.
पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा
जिवंत असल्याचं दाखवावं लागतं.
खडकी बाजारातली बँक, दहाच्या आधीच रांग,
कुणाची काठी, कुणाचं कानातलं यंत्र,
आणि झाडून सगळ्यांच्या बुटांना पॉलिश.

मशीनला त्यांचा अंगठा कधीच पटला नाही.
पुसा, पुन्हा ठेवा, आता डावा, जरा दाबा.
"रंगनाथ कोंडिबा भापकर. मीच तो,"
ते काचेतून सांगायचे,
"समोर उभा आहे की, बाळ."
काचेपलीकडची मुलगी हसायची. मशीन नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत,
पोटावर सरपटत, बोटांनी माती चाचपत
त्यांनी सुरुंग काढले होते,
मागून येणाऱ्या रणगाड्यांना वाट करून द्यायला.
एवढंच सांगायचे. पुढचं विचारलं की
"शेवंता, चहा टाक."
फक्त सर्वपित्रीला एक पान जास्तीचं मांडायचे,
बबन ढमाल्याचं.
आमच्या नात्यात ढमाले कुणीच नाहीत.

अंगठ्यावरच्या उरलेल्या रेषा आमच्यावर खर्च झाल्या.
बोपोडीच्या दोन खोल्यांत, दिवेलागणीला
तेच हात सुपात तांदूळ निवडायचे,
पुढे झुकून, श्वास रोखून.
खडा सापडला की दोन बोटांत उचलून
खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे, अलगद,
आपटला तर काय होतं ते पाहिल्यासारखा.
"अहो, खडाच आहे तो," आई म्हणायची.

तिचा हात मोडला त्या वर्षी
माझ्या वेण्या अप्पांनी घातल्या,
इतक्या घट्ट की भुवया वर जायच्या.
रिबिनीला मारलेल्या गाठी पूल बांधायच्या होत्या;
शाळेत जाधवबाईंना एकही सुटली नाही.
होळकर पुलावरून सायकलवर
दांडीवर मी, मागे दादा, हँडलला मेथीची पिशवी,
एक खड्डा चाकाखाली येऊ द्यायचे नाहीत.
मला वाटायचं, रस्ता त्यांना पाठ आहे.
पाठ नव्हता. ते रोज नव्यानं बघत होते.

दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब फुटला
की मोरीत जाऊन नळ सोडायचे,
धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायचे.
बाहेर येऊन, हात ओलेच,
"काय रे, चकली संपवली का सगळी?"

यंदा श्रावणात गेले. दुपारच्या झोपेत,
घड्याळ काढून उशाशी ठेवलेलं,
चपला दाराकडे तोंड करून.

नोव्हेंबर आला. बँक तीच, रांग तीच,
एक बूट कमी.
त्यांच्या मृत्यूचा दाखला, झेरॉक्सच्या तीन प्रती,
आणि मग आईचा, ती आहे याचा.
मशीननं तिचा अंगठा पहिल्याच वेळी घेतला.
हिरवा दिवा.
"झालं, आजी."

आई हलली नाही.
मागचा माणूस खाकरला.
तिनं अंगठा पदराला पुसला, नीट निरखला,
आणि पुन्हा काचेवर ठेवत म्हणाली,
"परत एकदा बघ गं.
इतक्या लवकर कसं होईल?"