ऑप्शनला

सावद्याला, आठवडी बाजारामागच्या माडीवर
एप्रिलचे पंचेचाळीस अंश,
वर चार जुन्या राऊटरांचे आणखी दोन.
त्यांचे पंखे असे घोंघावतात
की भारंबे काकू गॅलरीतून विचारतात,
"गिरनी टाकली का रे, लीलाधर?"

भंगारवाल्या रमजान तडवीने किलोवर दिलेत हे.
एकाचं एक पोर्ट मेलेलं,
तेवढे वीस रुपये त्याने सोडले.

एकोणचाळीस दिवस उरले.
केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवलाय सिलॅबस:
ओएसपीएफ, बीजीपी, एमपीएलएस,
आणि अगदी तळाशी, शाई संपत आलेली,
मल्टिकास्ट.

दहावीला नेहेते सर म्हणायचे,
भूमितीच्या रचना जमत नाहीत ना?
टाक ऑप्शनला.
टाकल्या. पास झालो.
तेव्हापासून बरंच काही टाकत आलो,
पुण्याची नोकरीसुद्धा.

लॅबला ऑप्शन नसतो.
बंगळूर, एक खुर्ची, आठ तास,
आणि फी एवढी
की ताईने भिशीचा तिचा नंबर मला दिला.

गेल्या खेपेला चौथ्या तासाला अडकलो.
दोन राऊटर एकमेकांना तीच वाट सांगत होते,
"मला त्याने सांगितलं", "मला ह्याने",
बाजारातल्या अफवेसारखं
पॅकेट फिरत राहिलं आणि दमून मेलं.
टॅग लावायचा,
परत आलेली आपलीच गोष्ट ओळखायची,
घरी हे मी अकरा मिनिटांत केलं होतं.
तिथे घाईत स्टॅटिक रूट ठोकला.
प्रश्नाची दुसरी ओळ म्हणत होती, स्टॅटिक रूट वापरू नये.

मग आता वाचायचं काय?
बीजीपी येतं, म्हणून रोज तेच उघडतो.
मल्टिकास्टचं पान काढलं की तहान लागते,
माठापाशी उभा राहतो
लागते त्याहून जास्त वेळ.

काल रात्री लाइट गेली.
पंखे एकेक करून थांबले,
खाली ट्रक भरणारे ऐकू येऊ लागले:
"आधी फण्या मोज, मंग भर."
टॉर्च लावून पुठ्ठा काढला.
बीजीपीवर रेघ मारली. मारवत नव्हती.
मल्टिकास्टला दहा दिवस.
सकाळचा पहिला तास नुसते प्रश्न वाचायचे,
हात मांडीवर.

लाइट आली
तेव्हा तिसरा राऊटर उठलाच नाही.
उद्या रमजानकडे जाणं आलं.
तो वेळ अभ्यासात धरायचा की नाही,
हे पुठ्ठ्यावर कुठेच नाही.