मृत संवर्ग

विटा नगरपालिकेत एकोणतीस वर्षं
मी एक शब्द टंकला : काटकसर.
मशीनचा ट तुटका होता,
नवं मशीन काटकसरीत बसेना,
म्हणून दर वेळी तेवढा ट मी शाईनं भरायची.

बहात्तरला दुष्काळ म्हणून.
एक्याण्णवला देशाची तिजोरी रिकामी म्हणून.
मधे एका वर्षी पाऊसही होता, तिजोरीही होती,
तरी परिपत्रक आलंच.
कारणाची ओळ कोरी.
साहेब म्हणाले, तुम्हीच घाला काहीतरी.

कात्री कुठं चालते ते बोटांना पाठ झालं :
सूतिकागृहाची आया, वाचनालयाचा दिवा,
गटारात उतरणाऱ्यांचे गमबूट.
विश्रामगृहाचे पडदे कधीच नाहीत.

मग व्हॉल्व्हवाला गुलाब मुजावर.
'सदर पद मृत संवर्गात वर्ग करण्यात येत आहे.'
त्यानं कागद उलटा धरला, मग सुलटा.
"म्हंजे मी गेलो का, बाई?"
म्हटलं, तुम्ही आहात. तुमच्या मागं कुणी नाही.
"मग चावी कुणाकडं देऊ?"

नमुन्यात त्याला रकाना नव्हता.

पैसे किती वाचले, तो तक्ताही मीच टंकला. फारसे नाहीत.
पण खालच्या आळीच्या बाया,
ज्या मोर्चा घेऊन जिन्यापर्यंत यायच्या,
त्या चौथ्या दिवशीच्या पाण्याला
आपणच घागरी मोजून लावू लागल्या.
"मागणी कमी झाली," साहेब म्हणाले.
खूश होते.

परवा दप्तरखान्यात गेले होते.
फायलींना कसर लागलीय,
ओळीच्या ओळी गेल्यात.
शाईचे ट तेवढे तिनं सोडलेत.