शून्याचं तिकीट

खानापूर–बेळगाव, सात चाळीसची लाल गाडी.
मी कंडक्टर. परशराम.
बिल्ला नंबर सांगत नाही,
डेपोत उगाच चौकशी लागायची.

मलप्रभा हलगेकर
नदीचं नाव घेऊन चढायची
आणि पूर आल्यासारखी दार अडवून उभी.
"आधार?" मी विचारायचो.
"तुझाच," म्हणायची. मग कार्ड दाखवायची.

बायकांना प्रवास फुकट,
खरं तिकीट द्यायलाच लागतंय.
मशीन कुरकुरायचं, रक्कम शून्य.
रोज एक शून्य तिच्या तळहातावर ठेवायचो.
बोटं लागली तर देवाची मर्जी.

एक दिवस गळ्यात रुमाल, डोक्यावर अंबाडा,
अंबाडा कसला, बेकरीतला बन,
वादळातही हलणार नाही असा.
"टिळकवाडीत कोर्स लावलाय. हवाई सुंदरी."
मागनं गंगव्वा म्हणाली,
"हवाई कळलं बाई. सुंदरीचं बघू पुढं."

झालं. देसूर ते मच्छे रोज सराव.
हात पसरून सांगायची,
"दोन दारं पुढं, दोन मागं."
आमच्या गाडीला एकच,
ते पण दोरीनं बांधलेलं.
संकटकालीन खिडकीला दुधाचा कॅन टेकलेला.
"गरज पडल्यास मुखवटा वरून खाली येईल,"
आणि वरून खरंच आलं,
नंदगडच्या शिवाप्पाचं रताळ्यांचं पोतं.
"आधी स्वतःला सांभाळा, मग शेजाऱ्याला!"
शेजाऱ्यानं आधी रताळी सांभाळली.

तिला सगळं यायचं, हसणं सोडून.
"गोड हसा म्हणतात. कुणाकडं बघून हसू?"
मी चिल्लर मोजत होतो.
तीनदा मोजली. तीनदा चुकली.

मुलाखतीला कन्नड विचारतील म्हणून
घाबरली. मी शिकवलं,
मला येतं तेवढं.
साहेबांनी विचारलं, प्रवाशांशी कसं बोलशील?
ही उठली, पदर नसताना पदर खोचला,
"मुंद होग्री! मुंद होग्री! जागा ऐती!"
साहेब पुढं सरकले.
खुर्चीसकट.
तिथंच निवड झाली म्हणे.

मग ती हैदराबादला.
सात चाळीसला शून्यं फाडत होतोच,
बत्तीस, कधी चाळीस.
नुसती शून्यं.
पिरनवाडीला उतरणारे
तिसऱ्या गेटापर्यंत नेले मी. शिव्या खाल्ल्या.

सहा महिन्यांनी निरोप आला:
"गुरुवारी, सांबऱ्याहून. मी आहे त्या विमानात."
तिकीट तीन हजार दोनशे.
आईला सांगितलं, गोकाकला चाललोय.
खाकी सोडून दुसऱ्या शर्टाला इस्त्री
आयुष्यात पहिल्यांदा.

दारात ती. हात जोडून.
हसली. जमलं होतं तिला.
"बोर्डिंग पास?"
"आधार चालेल?"
मागं रांग खोळंबली,
आणि सवयीनं मीच ओरडलो,
"मुंद होग्री!"
अख्खी रांग मुकाट्यानं सरकली.

वर गेल्यावर खिडकीतनं नदी दिसली,
वाळत घातलेल्या साडीएवढी मलप्रभा.
मी लगेच मान वळवली,
दुसरी ट्रॉली ढकलत येत होती.

पाण्याच्या ग्लासाखाली तिनं ठेवला
रबर लावलेला एक गठ्ठा.
माझी तिकिटं. शाई पार उडालेली,
शून्यसुद्धा दिसेना.
"दोनशे सतरा आहेत. मोजून घे.
आधी एक मांडला
तर काहीतरी किंमत येईल."
"एक म्हणजे मी काय?"
"नाही, तुझा ड्रायव्हर."

आता यावर काय बोलायचं माणसानं?
खिशात शिट्टी होती.
वाजवली.

मागच्या रांगेतला म्हातारा दचकून उठला,
पिशवी काखेत मारून म्हणाला,
"आलं काय मारीहाळ?"